पाकीट परत मिळेल का? सुखाच्या संशोधनातला एक साधा प्रश्न

दरवर्षी २० मार्चच्या आसपास एक बातमी ठरलेली असते. जगातल्या सुखी देशांची यादी आली, फिनलंड पहिला, भारत तळाकडे, आणि मथळ्यात हमखास 'पाकिस्तानही आपल्या पुढे'. २०२५च्या यादीत १४७ देश होते. त्यात भारत ११८वा, पाकिस्तान १०९वा, नेपाळ ९२वा आणि फिनलंड सलग आठव्यांदा पहिला. मग दोन दिवस चर्चा रंगते. एक गट म्हणतो, हा सगळा पाश्चात्त्यांचा डाव. दुसरा म्हणतो, आपल्याकडे सुखी व्हावं असं आहे तरी काय? तिसरा गट कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूर्योदयाचा फोटो टाकतो, त्यावर 'साधे राहा, चांगले वागा, सुखी राहा' असं लिहिलेलं असतं, आणि विषय संपतो.

गंमत म्हणजे तिघांपैकी अभ्यासाच्या सर्वांत जवळ हा तिसराच गट जातो. फक्त तो अर्धंच सांगतो. साधं राहिल्याने सुख आपोआप येत नाही. साध्या राहणीतून जो वेळ आणि जे पैसे उरतात ते माणसांकडे वळले तर फरक पडतो, नाहीतर तो नुसता काटकसरीचा हिशेब राहतो. हे कशावरून म्हणायचं, ते आता पायरीपायरीने पाहू.

## आधी ती यादी कशी बनते?

या अहवालाचं नाव 'वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्ट'. पहिला अहवाल २०१२ साली निघाला. त्यासाठीची माहिती गॅलप ही जनमताच्या पाहण्या करणारी संस्था गोळा करते. बहुतेक देशांत वर्षाला साधारण हजार लोकांना गाठतात आणि क्रमांक लावताना तीन वर्षांची सरासरी धरतात.

लोकांना विचारतात ते एवढंच: समजा एक शिडी आहे. सगळ्यांत खालची पायरी शून्य, सगळ्यांत वरची दहा. तुमच्या दृष्टीने शक्य तितकं चांगलं आयुष्य म्हणजे वरची पायरी आणि शक्य तितकं वाईट म्हणजे खालची. आज तुम्ही कोणत्या पायरीवर उभे आहात?

झालं. लोकांनी जो आकडा सांगितला त्याचीच सरासरी म्हणजे देशाचे गुण. फिनलंडचे ७.७, आपले ४.४च्या जवळपास. उत्पन्न, आयुर्मान, भ्रष्टाचार वगैरे सहा गोष्टींचे गुण एकत्र करून क्रमांक लावतात, असं अनेक बातम्यांत छापून येतं, ते चुकीचं आहे. त्या सहा गोष्टी नंतर वापरतात, देशादेशांत फरक का पडला असावा हे समजून घेण्यासाठी.

म्हणजे ही यादी कोण जास्त हसतो, कोण जास्त नाचतो हे मोजतच नाही. आपल्या आयुष्याकडे जरा लांबून बघून माणूस त्याला किती गुण देतो, ते मोजते. फिनलंडची माणसं तशी अबोल म्हणून प्रसिद्ध आहेत आणि पहिल्या क्रमांकाचं त्यांचं त्यांनाच नवल वाटतं. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत तुफान नाचणारा माणूसही शिडीवर स्वतःला चौथ्या पायरीवर ठेवू शकतो. त्याला पोराच्या फीची काळजी असते, नोकरी कंत्राटी असते आणि आईच्या ऑपरेशनचे हप्ते चालू असतात. नाच खरा आणि चौथी पायरीही खरी.

'१४० कोटींतल्या हजार जणांवरून काय कळणार?' हा आक्षेप हमखास येतो. नमुना किती मोठा हवा हे देशाच्या लोकसंख्येवर जवळजवळ अवलंबून नसतं. माणसं कशी निवडली यावर जास्त असतं. निवड नीट झाली असेल तर हजार जण सरासरीचा चांगला अंदाज देतात. मात्र ११८वा की ११२वा अशा बारीक फरकांवर भांडण्यात अर्थ नाही. शेजारशेजारच्या क्रमांकांमधलं अंतर अनेकदा नगण्य असतं. ७.७ आणि ४.४ मधलं अंतर तसं नाही.

## पैशाने सुख मिळतं की नाही?

मिळतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण साधेपणावरचे बहुतेक लेख इथेच लबाडी करतात.

१९७४ साली रिचर्ड ईस्टरलिन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने एक कोडं मांडलं. एका देशात, एका वेळी पाहिलं तर श्रीमंत माणसं गरिबांपेक्षा सुखी दिसतात. पण तो देश पुढच्या काही दशकांत कितीतरी श्रीमंत झाला, तरी लोकांचं सुख त्या प्रमाणात वाढलेलं दिसत नाही. असं का? याची दोन कारणं सांगतात. एक म्हणजे तुलना. सगळ्यांचाच पगार वाढला तर शेजाऱ्याशी अंतर तेवढंच राहतं. दुसरं म्हणजे सवय. बाहेरून घरात शिरणाऱ्याला लसणीच्या फोडणीचा वास लगेच येतो, पण तासभर ओट्याशी उभी असलेलीला तो जाणवतसुद्धा नाही. नवी गाडी, मोठा टीव्ही, वाढलेला पगार यांचं असंच होतं. वस्तू तिथेच असते, आपलं लक्ष तिच्यावरून उडालेलं असतं. मानसशास्त्रात याला 'हेडॉनिक अडॅप्टेशन' म्हणतात. आपण सरळ सवय म्हणू.

सवयीच्या बाजूने एक किस्सा सगळीकडे फिरतो: लॉटरी लागलेली माणसं आणि अपघातात अपंग झालेली माणसं वर्षभराने सारखीच सुखी असतात म्हणे. मूळ अभ्यास १९७८चा. त्यात लॉटरीवाले होते अवघे २२ आणि अपघातग्रस्त २९. आणि 'सारखीच सुखी' असं त्यात नव्हतंच. अपघातग्रस्त इतरांपेक्षा कमी सुखी होते. पुढे २०२० मध्ये स्वीडनमधल्या लॉटरी विजेत्यांचा खूप मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मोठी रक्कम जिंकलेले लोक दहा-दहा वर्षांनंतरही आपल्या आयुष्याबद्दल जास्त समाधानी दिसले. रोजच्या आनंदावर मात्र परिणाम बराच कमी होता. हा फॉरवर्ड पुन्हा आला तर एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

दुसरा प्रसिद्ध आकडा ७५ हजार डॉलरचा. डॅनियल कानेमन आणि अँगस डीटन या दोन नोबेल विजेत्यांनी २०१० मध्ये लिहिलं की अमेरिकेत वार्षिक उत्पन्न साधारण तेवढं झालं की रोजच्या आनंदात पुढे भर पडत नाही. मॅथ्यू किलिंग्सवर्थ यांनी २०२१ मध्ये वेगळ्या पद्धतीने मोजलं तर आनंद वाढतच जाताना दिसला. मग भांडत न बसता किलिंग्सवर्थ आणि कानेमन यांनी एकत्र बसून २०२३ मध्ये उत्तर काढलं: बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढत राहतो. जे सर्वांत दुःखी आहेत त्यांच्या बाबतीत मात्र एका टप्प्यानंतर पैसा उपयोगी पडेनासा होतो. बहुधा त्यांच्या दुःखाचं कारणच वेगळं असतं. संशोधकांनी असं एकत्र येऊन मतभेद मिटवण्याची उदाहरणं फार नाहीत. आपल्या साहित्य संमेलनवाल्यांनी याकडे जरूर बघावं.

पण वाढ कशी होते ते पाहा. महिन्याला २० हजारांचे ४० हजार झाले की जो फरक पडतो, साधारण तेवढ्याच फरकासाठी पुढे एक लाखाचे दोन लाख व्हावे लागतात. तोच आनंद, पण पाचपट किंमत मोजून. आणि ती किंमत पगार देणारी कंपनी आपल्याकडून वसूल करते ती वेळात.

## मग साधी राहणी नेमकी कुठे कामी येते?

घराचं उदाहरण घेऊ. दादर-परळला वन रूम किचनमध्ये राहणारं कुटुंब बदलापूरला दोन बेडरूमचं घर घेतं. घराचा आनंद खरा असतो. पण दोन वर्षांनी बेडरूम ही नुसती बेडरूम असते आणि सकाळची लोकल मात्र रोज नवी असते. आज मेगाब्लॉक, उद्या पाऊस, परवा दारात लटकून प्रवास. ज्या गोष्टी रोज तशाच असतात त्यांची सवय लवकर होते. ज्या रोज वेगळ्या तऱ्हेने छळतात त्यांची होत नाही. स्टुट्झर आणि फ्राय या दोन स्विस-स्थित अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये जर्मनीतल्या माहितीवरून हेच दाखवलं होतं. अर्थशास्त्राच्या पुस्तकी हिशेबाप्रमाणे लांबचा प्रवास करणाऱ्याला त्याची भरपाई जास्त पगारातून किंवा चांगल्या घरातून मिळायला हवी. प्रत्यक्षात लांबून येणारे लोक कमी समाधानी होते. भरपाई पुरत नव्हती.

मुंबईत बहुतेकांना ही निवड नसतेच, परवडतं तिथे जावं लागतं. पण ज्यांना आहे, त्यांनी चौरस फुटांबरोबर तासही मोजायला हवेत. चौरस फूट ब्रोकर मोजून देतो, तास कोणी मोजत नाही.

दुसरं उदाहरण लग्नाचं, आणि इथे महाराष्ट्राला सांगण्यासारखं काही आहे. जोतीराव फुल्यांनी सप्टेंबर १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पुण्यात पहिलं सत्यशोधक लग्न लागलं. भटजी नाही, मोठा खर्च नाही. हे लग्न साधं होतं ते कोणाला वैराग्य आलं म्हणून नव्हे. लग्नाच्या खर्चापायी सावकाराच्या दारात जाणाऱ्या कुटुंबाची त्यातून सुटका होती, आणि मध्ये कोणी मध्यस्थ न ठेवता लग्न लावायचा हक्क होता. साध्या राहणीवर बोलताना आपण नेहमी आश्रम आणि पंचा आठवतो. मला हे लग्न जास्त जवळचं वाटतं, कारण त्यात साधेपणाचा हिशेब स्वच्छ आहे: काय सोडलं आणि त्या बदल्यात काय मिळालं.

आज लग्नाचा खर्च हा तुलनेचा खेळ आहे. मावसभावाच्या लग्नात ड्रोन होता म्हणून आपल्याही हवा. सगळ्यांनी ड्रोन आणला की कोणाच्याच लग्नाला त्याची शोभा उरत नाही, बिल मात्र प्रत्येकाचं वाढतं. म्हणूनच एकट्याने साधं लग्न करणं अवघड जातं, नातेवाईक कंजूष म्हणतात. गावातल्या किंवा भावकीतल्या चार-पाच घरांनी मिळून ठरवलं तर तेच सोपं होतं. साधेपणा ही वैयक्तिक तपश्चर्या म्हणून सांगणाऱ्यांना ही गोष्ट बऱ्याचदा दिसत नाही.

आणि प्रत्येक खर्च वाईट असंही नाही. २०१७ च्या एका अभ्यासात लोकांना एकदा ४० डॉलर वस्तूवर आणि एकदा तेवढेच वेळ वाचेल अशा कामावर खर्च करायला दिले. वेळ विकत घेतला त्या दिवशी लोक जास्त खूश होते. पोळ्यांना बाई लावणं ही चैन आणि नवा फोन ही गरज, असा जो हिशेब अनेक घरांत चालतो, तो या अभ्यासाच्या बरोबर उलटा आहे. अर्थात वाचलेला तास रील्समध्ये गेला तर काही कमावलं नाही.

## हे गरिबीचं कौतुक झालं नाही का?

होऊ शकतं, म्हणून सावध राहायला हवं. पर्याय असताना कमी घेणं वेगळं आणि पर्यायच नसणं वेगळं. ज्या बाईला पाण्यासाठी रोज दोन किलोमीटर हंडा डोक्यावर घेऊन चालावं लागतं, तिला साध्या राहणीचा उपदेश करणं हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. शिडीवरचे आकडेही हेच सांगतात. पहिल्या दहांत डेन्मार्क, आइसलंड, स्वीडन आहेत. तिथे दवाखान्याच्या बिलाने घर विकावं लागत नाही, नोकरी गेली तर काही काळ आधार मिळतो. तिथला साधेपणा पोटभर जेवलेल्या माणसाचा आहे.

भूतानचं उदाहरण नेहमी दिलं जातं. तिथल्या राजांनी १९७०च्या दशकात राष्ट्रीय उत्पन्नापेक्षा राष्ट्रीय सुख महत्त्वाचं, ही कल्पना मांडली, आणि २००८ च्या राज्यघटनेतही ती आली. कल्पना थोर आहेच. पण गेल्या काही वर्षांत तिथली तरुण मुलं मोठ्या संख्येने कामासाठी ऑस्ट्रेलियाला निघून चालली आहेत. डोंगर, शांतता आणि प्रार्थनेच्या पताका असूनही रोजगार लागतोच.

तरीही पैसा हे सगळं उत्तर नाही, याचाही पुरावा त्याच यादीत आहे. २०२५ मध्ये कोस्टारिका सहावा आणि मेक्सिको दहावा होता, आणि त्यांच्याहून कितीतरी श्रीमंत अमेरिका २४वी. मग पैशाशिवाय आणखी काय लागतं? इथून पाकिटाची गोष्ट सुरू होते.

## पाकीट आणि भरवसा

तुमचं पाकीट रस्त्यात पडलं. आत थोडे पैसे आणि नाव-पत्ता आहे. एखाद्या अनोळखी माणसाला ते सापडलं, तर परत येईल का?

जॉन हेलिवेल हे कॅनडाचे अर्थतज्ज्ञ, सुखाच्या अहवालामागचे एक प्रमुख. हा प्रश्न त्यांचा लाडका. ज्यांना 'येईल' असं वाटतं, ती माणसं शिडीवर स्वतःला बरंच वर ठेवतात. उत्तर युरोपचे देश याच बाबतीत पुढे आहेत. तिथे लोकांना पाकीट परत मिळेल असं वाटतंही आणि प्रत्यक्षात ते मिळतंही.

भरवशाचा आणि सुखाचा संबंध का असावा? ज्याला वाटतं की आजूबाजूचे लोक साधारण चांगले आहेत, त्याला दिवसभर पहारा द्यावा लागत नाही. रिक्षावाला फिरवून नेईल, दुकानदार वजनात मारेल, सोसायटीचा सेक्रेटरी पैसे खाईल, ही सगळी राखण डोक्यात सतत चालू असेल तर माणूस दमतो. ते दमणं पगारवाढीने जात नाही.

आणि इथे एक मोठा घोळ आहे. आपण इतरांना ते आहेत त्यापेक्षा वाईट समजतो. टोरँटोत पूर्वी पाहणी केली तेव्हा लोकांना वाटत होतं की अनोळखी माणसाकडून पाकीट परत यायची शक्यता २३ टक्के. तिथल्या एका वृत्तपत्राने खरोखर २० पाकिटं टाकून पाहिली. १६ परत आली. २०१९ मध्ये ४० देशांत १७ हजारांहून अधिक पाकिटांचा मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात तर पैसे नसलेल्या पाकिटांपेक्षा पैसे असलेली पाकिटं जास्त संख्येने परत आली. सामान्य लोकांचा अंदाज नेमका उलटा होता, अर्थतज्ज्ञांचाही चुकला.

मुंबईकरांसाठी खास: २०१३ मध्ये 'रीडर्स डायजेस्ट' मासिकाने जगातल्या १६ शहरांत प्रत्येकी १२ पाकिटं टाकली. हेलसिंकीत ११ परत आली. दुसऱ्या क्रमांकावर कोण होतं? मुंबई, १२ पैकी ९. लिस्बनमध्ये एकच. मासिकाचा खेळ होता, १२ पाकिटांवरून शहराची परीक्षा होत नाही. पण मुंबईत कोण परत देतंय, असं म्हणणाऱ्याला दोन मिनिटं गप्प करायला पुरेसं आहे.

खरं तर त्यासाठी मासिकाची गरज नाही. संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये कसाबसा आत घुसलेला माणूस पाठीवरची बॅग काढून वर धरतो. तोंडातून शब्द नाही. पुढचा ती घेतो, त्याच्या पुढच्याकडे देतो, तिसरा ती रॅकवर दोन जेवणाच्या डब्यांच्या मध्ये सरकवून बसवतो. आत लॅपटॉप, पाकीट, घराच्या किल्ल्या. वसई जवळ आली की हाताने खूण, आणि बॅग त्याच वाटेने परत. त्याच माणसाला शिडीवाल्याने गाठून विचारलं, अनोळखी लोकांवर भरवसा ठेवता का, तर तो म्हणेल, 'छे, आजकाल कोणाचा भरवसा नाही.'

## चांगुलपणाचा फायदा करणाऱ्याला होतो?

२००८ मध्ये कॅनडात एलिझाबेथ डन आणि सहकाऱ्यांनी एक छोटा प्रयोग केला. सकाळी लोकांना पाच किंवा वीस डॉलर घातलेला लिफाफा दिला. निम्म्यांना सांगितलं, संध्याकाळपर्यंत स्वतःवर खर्च करा, निम्म्यांना सांगितलं, दुसऱ्या कोणासाठी करा. संध्याकाळी दुसऱ्यांसाठी खर्च केलेले जास्त आनंदी होते. पाच डॉलर होते की वीस, याने फरक पडला नाही. हा शेवटचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण 'आपली ऐपत झाली की करू' ही सबब त्यात टिकत नाही.

मग आपण हे जास्त का करत नाही? कारण पुन्हा अंदाज चुकतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी शिकागोतल्या एका उद्यानात, बर्फावर घसरायला आलेल्या लोकांना गरम चॉकलेटचा एक पेला दिला आणि म्हटलं, तुम्हाला हवं तर हा एखाद्या अनोळखी माणसाला द्या. देणाऱ्यांना वाटलं, समोरच्याला बरं वाटेल, पण साधारणच. घेणाऱ्यांना त्याहून कितीतरी जास्त बरं वाटलं. देणारा पेल्याची किंमत बघत असतो. घेणाऱ्याला दिसतं की कोणीतरी माझा विचार केला. आपल्याकडे पार्सलवाल्याला दारात पाणी विचारतात तेव्हा हेच घडतं. विचारणाऱ्याच्या लेखी तो एक पेला पाणी असतो. दुपारी दोन वाजता चौथा मजला चढून आलेल्याच्या लेखी तसं नसतं.

## पण लोक गैरफायदा घेतात, त्याचं काय?

घेतात. आणि अभ्यास असंही सांगत नाही की देत सुटा. देण्यातून आनंद मिळायला काही अटी असतात. पहिली अट म्हणजे ते आपण होऊन दिलेलं असावं. गणपतीच्या आधी दहा कार्यकर्ते दारात उभे राहून, आकडा आधीच लिहिलेली पावती हातात ठेवतात, तेव्हा पैसे जातात आणि सोबत मनःशांतीही. वर्गणी द्यायला माझी ना नाही, आकडा मात्र ज्याचा त्याने ठरवावा.

दुसरी अट, दिल्याचं काय झालं ते दिसावं. एका अभ्यासात मलेरियापासून वाचवणाऱ्या मच्छरदाणीसाठी दिलेल्या पैशातून जेवढा आनंद मिळाला, तेवढा एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सर्वसाधारण निधीला देऊन मिळाला नाही. एप्रिलमध्ये दुकानाबाहेर पाणपोई ठेवणाऱ्याला हे कोणी शिकवलेलं नसतं. ओलं फडकं गुंडाळलेला रांजण, वर लाकडी झाकण, आणि थांबून पाणी पिणारा माणूस गल्ल्यावरून समोरच दिसतो. पेल्याला साखळी असते हे खरं. पूर्ण भरवसा ठेवा असं कोणी म्हणत नाही, साखळी लावून पाणपोई चालते.

तिसरी गोष्ट अट नव्हे, इशारा आहे. ज्यांना 'नाही' म्हणायची सोयच नसते, त्यांच्या सेवेला चांगुलपणा म्हणून टाळ्या वाजवू नयेत. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं वर्षानुवर्षं करणाऱ्या सुनेला आनंदाचे फायदे ऐकवण्यापेक्षा आठवड्यातून दोन दिवस तिच्या जागी बसावं.

## हे संशोधन कितपत पक्कं आहे?

चांगला प्रश्न, कारण या विषयात पोकळ दावे फार झाले. डन यांच्या त्या प्रयोगात ४६ माणसं होती, म्हणजे फारच थोडी. नंतर १३६ देशांतल्या पाहणीत, आणि २०२० मध्ये सातशेहून अधिक लोकांवर पुन्हा केलेल्या प्रयोगात हाच कल दिसला. आनंदातली वाढ मात्र छोटी होती. आयुष्य पालटून जात नाही, दिवस जरा बरा जातो. २०२३ मध्ये डन यांनीच एका सहकाऱ्याबरोबर, वर्तमानपत्रं सुखासाठी जे उपाय सुचवतात त्यांची छाननी केली. ध्यान, व्यायाम, निसर्गात फिरणं या सगळ्यांबाबत भक्कम प्रयोग फारच थोडे निघाले. उपाय खोटे आहेत असा त्याचा अर्थ नाही, पण शास्त्राने सिद्ध झालंय असं छातीठोकपणे सांगणाऱ्याकडे पैसे भरून शिबिराला जाण्याआधी थांबावं.

माणसांशी असलेल्या नात्याबद्दलचा पुरावा त्या मानाने जुना आहे. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचा, त्याच माणसांचा आयुष्यभर माग ठेवणारा अभ्यास १९३८ पासून चालू आहे. त्यात ७२४ पुरुष होते, काही हार्वर्डचे विद्यार्थी, काही बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतले. पन्नाशीत जे आपल्या नात्यांबद्दल समाधानी होते, ते ऐंशीत जास्त धडधाकट निघाले. सगळे पुरुष आणि सगळे गोरे, ही त्याची मर्यादा. शिवाय नाती चांगली म्हणून तब्येत चांगली, की तब्येत चांगली म्हणून नाती, हे पूर्ण सुटं करता येत नाही.

## मग सुरुवात कुठून करायची?

२०२५ च्या अहवालात एक साधी गोष्ट मोजली होती: आठवड्यात किती वेळा तुम्ही ओळखीच्या माणसांबरोबर जेवता. एकत्र जेवणारे लोक शिडीवर वर होते. अमेरिकेत २०२३ मध्ये साधारण चारातल्या एकाने आदल्या दिवशीची सगळी जेवणं एकट्याने केली होती. २००३ च्या तुलनेत हे प्रमाण ५३ टक्क्यांनी वाढलं. लॅटिन अमेरिकेत लोक सर्वांत जास्त वेळा एकत्र जेवतात, आणि मेक्सिको-कोस्टारिका इतके वर का याचं थोडं उत्तर इथेही असावं.

आपल्याला वाटेल, यात आपण पहिले असणार. पंगत आपली, अंगतपंगत आपली. पण दक्षिण आशिया या यादीत खालच्या गटात आहे. याचं एक कारण आपल्याच घरात दिसतं असं मला वाटतं. मुलं क्लासला जायच्या आधी जेवतात, वडील आल्यावर, आजोबा बातम्यांच्या वेळी. आणि घरातली बाई प्रत्येकाला गरम पोळी वाढत राहते, मग सगळं आवरल्यावर, उरलेली भाजी कढईतच घेऊन, एकटी. घरात पाच माणसं आणि जेवणं पाच वेळा. बाहेरच्या अनोळखी माणसाला चांगुलपणा दाखवण्याआधी इथे वाव आहे, आणि याला एक रुपया लागत नाही. रोज जमणार नाही, शिफ्ट असतात, क्लास असतात. आठवड्यातून तीन रात्री पोळ्या आधी करून डब्यात भरायच्या, टीव्ही बंद, आणि सगळ्यांनी एकदमच बसायचं. पोळ्या जरा निवतात, आणि पहिले काही दिवस घरातले पुरुष त्याबद्दल कुरकुर करतील.